स्वयंपाकाची गाडी

कुलू-मनालीला मी कधीच गेले नाही. हे सांगितलं की नारायण पेठेतली जुनी माणसं हसतात, कारण निम्मी पेठ माझ्या वडिलांनीच तिथे नेऊन आणलेली आहे. बाबा मुळात एका शाळेत भूगोल शिकवायचे. एका मे महिन्यात शेजारपाजारची बिऱ्हाडं घेऊन ते हिमालयात गेले आणि परत आले ते नोकरी सोडायची हे ठरवूनच. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांतून एक अख्खी सहल बाहेर पडायची. शाळा सुटली तरी लोक त्यांना सरच म्हणत राहिले, आणि बाबाही सहलीतल्या मंडळींना वर्गातल्या मुलांसारखंच हाकत. त्या खोऱ्याच्या आजूबाजूला राष्ट्रीय उद्यानं आहेत, तिथल्या जंगलात तपकिरी अस्वल असतं, असं ते दर वर्षी नकाशावर पट्टी ठेवून सांगायचे. अस्वल कुणालाही, कधीही दिसलं नाही. त्याचं मंडळींना काही वाटायचं नाही. दुपारच्या पानात पापड नसला, तर मात्र वाटायचं.

बाबांच्या जाहिरातीत एकच वाक्य ठळक असे: जिथे जाल तिथे घरचं गरम जेवण. धंदा उभा होता तो या वाक्यावर, हिमालयावर नाही. त्यासाठी बाबांनी पद्धत बसवली होती. मंडळींची बस निघायच्या पुष्कळ आधी स्वयंपाकाची जीप पुढे जायची. तिच्यात भांडी, शेगड्या, आचारी आणि आमच्या घरचं एक माणूस. घरचं माणूस असल्याशिवाय ती गाडी हलत नसे, हा नियम. नाहीतर ड्रायव्हर आणि आचारी वाटेत चहाला उतरतात आणि बसतात गप्पा मारत, असं बाबांचं म्हणणं. बस पोचेपर्यंत भात वाफेवर असला पाहिजे. त्यातही वरच्या घाटाचा दिवस म्हणजे सहलीचा कळस. जिथे बर्फ सुरू होतो तिथे मंडळी उतरायची, भाड्याचे लांब कोट आणि गमबूट घालून जरा धडपडायची, आणि मग त्या बर्फात उभं राहून पिठलं-भात खायची. पिठल्याच्या वाफेने चष्मे धुरकटलेले असे फोटो पेठेतल्या किती घरांत फ्रेम करून लावले होते! बर्फाचा फोटो नाही म्हणायचं कुणी त्याला. पिठल्याचा फोटो म्हणायचे.

या सगळ्याची तयारी आमच्या घरी फेब्रुवारीपासून चाले. आई भाजणी भाजायची, मेतकूट करायची, सांडगी मिरच्या गच्चीवर वाळत घालायची, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, लोणच्याच्या बरण्या. कढईत उलथनं फिरल्याचा खरखर आवाज दुपारभर चालायचा आणि माझे केस, माझ्या वह्या, सगळ्याला धण्याचा वास लागायचा. मैत्रिणी नाक उडवायच्या. मला तेव्हा लाज वाटायची. आता वारज्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे खिडकी उघडली की फक्त हायवेचा धूर येतो, तो वास कुठून आणू असं होतं. आईला स्वतःला हिमालय बघायची हौस नव्हती. "माझं पिठलं जाऊन येतं ना दर वर्षी, मग झालं," म्हणायची. आणि सहल परत आली की दारातच विचारायची, "पिठलं पुरलं का?" तिचा अभिमान होता तो. त्यात चुकीचं काय होतं? काहीच नाही.

घरचं माणूस म्हणजे माझा दादा, सुहास. कॉलेजात गेल्यापासून जीपमध्ये तोच बसायचा. दादा उंच होता आणि अखंड बडबडा. पेठेतल्या प्रत्येकाची नक्कल करायचा, आणि आपल्या गिऱ्हाइकांची तर बाबांसमोरसुद्धा. "पुणेकर स्वर्गात पोचला ना, तरी इंद्राला आधी विचारेल, जेवायची सोय काय आहे हो?" बाबा हसू दाबत म्हणायचे, "आचरटपणा पुरे." मला त्याने कबूल केलं होतं की माझी बारावी झाली की तो बाबांचं डोकं खाऊन मला सहलीत घेऊन जाईल. सहलीतल्या जागा गिऱ्हाइकांच्या, घरच्यांच्या नाहीत, हाही बाबांचा एक नियम होता.

पुढचं मी पटकन लिहिते. ती सकाळ बाबांनी आम्हाला एकदाच सांगितली, तेरावा झाल्यावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून. पुन्हा कधी नाही. आचाऱ्याला ताप भरला होता. दादा म्हणाला, पिठलं-भात काय, मीच टाकतो. आदल्या संध्याकाळपासून वरच्या रस्त्यावर दगड येत होते. हॉटेलवाला म्हणत होता की उन्हं चढेपर्यंत थांबा, मग बघा. दादा चहाचा कप घेऊन बाबांकडे आला आणि त्याने विचारलं, "बाबा, थांबू का जरा?" बाबा म्हणाले, "अरे, बाराला पानं मांडायचीत. जपून जा, पण नीघ." तो निघाला. मंडळींची बस मागाहून निघाली ती निम्म्या वाटेत अडवली, कारण पुढे रस्ता उरलाच नव्हता. दिवसभर ते सगळे तिथेच बसून होते. संध्याकाळी खालच्या नाल्यात जीप सापडली.

ती जीप प्रेमसिंग नावाचा तिथलाच माणूस चालवत होता. तोही गेला. त्याच्या घरी कोण होतं, त्यांचं पुढे काय झालं, आम्ही कुणी विचारलं नाही. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कधी निघालं नाही, म्हणून मी ते इथे लिहून ठेवते आहे.

दादाला तिकडेच अग्नी दिला. आईला त्याचा चेहरा बघायला मिळाला नाही. बाबा परत आले तेव्हा नेहमीच्या सवयीने आई दारात गेली, आणि नेहमीचं काहीतरी विचारायला तिचं तोंड उघडलंही, आणि मग ते तसंच उघडं राहिलं. तिचं ते तोंड मला अजून दिसतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सगळे खरोखर हळहळत होते. दादाने त्यांच्या बॅगा उचलल्या होत्या, त्यांच्या म्हाताऱ्यांना हात धरून बर्फात चालवलं होतं. डोळे पुसायचे, बायका आईचा हात हातात घेऊन बसायच्या. पण उठताना, चपला घालता घालता, आवाज खाली आणून बाबांना विचारायचेच, "मग सर, पुढच्या वर्षीचं काय? म्हणजे घाई नाही, आपलं विचारून ठेवलं." आपल्या पुण्याचं हे असं आहे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, आणि तो प्रश्नही खोटा नव्हता.

मला वाटलं होतं, बाबा धंदा बंद करतील. जानेवारी संपत आला आणि एका सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. तोच जुना, घड्यांवर फाटलेला. लाल पेन्सिल काढली आणि मला म्हणाले, "माधवी, बस इथे. मी सांगतो तसं लिहून घे." मी आईकडे बघितलं. ती ताक घुसळत होती, तिने मान वर केली नाही. दिल्ली, मग रात्रीची बस, मग मुक्काम, मग उद्यानाच्या दारापर्यंतची फेरी. बाबांचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. वरच्या घाटापर्यंत आल्यावर ते थांबले, पेन्सिलीचं टोक बघितलं, आणि म्हणाले, "इथे मागल्यासारखंच लिही."

त्या फेब्रुवारीत आईने कढई काढली नाही. बाबांनी वाट बघितली, आणि एका दुपारी स्वतःच डाळ-तांदूळ आणून भाजणी भाजायला घेतली. उभ्या जन्मात ज्यांनी चहासुद्धा केला नव्हता, ते. डाळ करपली, धूर झाला, शेजारच्या काकू डोकावून गेल्या. आई आतून आली, बाबांच्या हातातून उलथनं घेतलं, करपलेलं सगळं ओतून दिलं आणि नव्याने भाजायला लागली. बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "अगं, बंद केलं तर तो कशासाठी गेला, सांग ना?" आई म्हणाली, "पिठल्यासाठी गेला." भाजणी मात्र त्या वर्षीही नेहमीसारखी खमंग झाली, आणि मला तिचा संताप आला.

दोन-तीन दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "यंदा माधवी येईल. स्वयंपाकाच्या गाडीबरोबर घरचं माणूस लागतं."

आई वाढता वाढता थांबली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"माधवी त्या गाडीत बसणार नाही."

"मग दुसरं कोण आहे घरात? मला मंडळींबरोबर बसमध्ये राहावं लागतं. म्हातारी माणसं असतात, कुणाला चक्कर येते, कुणाला उलटी होते. मी बस सोडून कसा जाऊ?"

"मग गाडी पाठवू नका. त्या दिवशी दशम्या द्या. मी करून देते बांधून. एक दिवस गार खाल्लं म्हणून कुणी मरत नाही."

तो शब्द बोलल्यावर आईने पळी पातेल्यात टाकून दिली. बाबांनी पान तसंच ठेवलं आणि ते उठले. हात धुताना म्हणाले, "लोक त्या पिठल्यासाठी येतात. ते काढलं तर याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुला? त्याचा अर्थ असा होतो की मीच..." आणि नळ मोठा सोडला.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला जायचं होतं. दादा जिथे गेला तो रस्ता बघायचा होता, आणि खरं सांगायचं तर बर्फही बघायचा होता. सतरा वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम हवं असू शकतं. आणि त्याच वेळी त्या जीपच्या पुढच्या सीटची मला इतकी भीती वाटायची की कॉलेजच्या वाटेवर जीप दिसली तरी मी रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. तरी मी जवळच्या दुकानातून लोकरीची टोपी आणली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली. आईला ती सापडली. तिने ती होती तिथेच परत ठेवली. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ती माझ्याकडे टक लावून बघायची, आणि मी चिडून म्हणायचे, "काय आहे गं?"

एप्रिलमध्ये बैठक असे. सहलीला येणारी सगळी मंडळी एका रविवारी सकाळी आमच्याकडे जमायची, एकमेकांची ओळख व्हायची, बाबा कार्यक्रम वाचून दाखवायचे, काय घ्या आणि काय घेऊ नका ते सांगायचे. मग पन्हं. त्या वर्षीही सतरंज्या घातल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नेहमीपेक्षा जास्तच माणसं आली होती. दादाचा फोटो बाबांनी आदल्या दिवशी आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता, मंडळींना अवघड वाटू नये म्हणून. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. पुढच्या रांगेत जोगळेकरकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले, आधीच्या सहलीत होते तेच. घाटाचा दिवस राहून गेला म्हणून बायकोला घेऊन पुन्हा येत होते. जोगळेकरकाका वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. तिकडे त्या संध्याकाळी बाबांना धरून तेच बसले होते. अस्थी घेऊन येताना बाबांच्या शेजारच्या सीटवर तेच होते.

सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. बसमध्ये पुढच्या सीट कुणाला, यावर दोन बायकांची गोड शब्दांत जुंपली. तपकिरी अस्वल झालं. मग बाबा म्हणाले, "यानंतर आपला वरच्या घाटाचा दिवस. स्वयंपाकाची गाडी पहाटे पुढे जाईल. आमची माधवी असेल गाडीबरोबर. आपण पोचलो की बर्फात गरमागरम..."

"त्या दिवशी गरम जेवण नाही," आई म्हणाली.

ती पन्ह्याच्या पेल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांच्या बैठकांत ती चार लोकांत कधी बोलली नव्हती. "दशम्या आणि चटणी मिळेल. बसमध्ये बसून खायची. गाडी पुढे जाणार नाही."

मग एक बाई घाईघाईने म्हणाल्या, "चालेल हो वहिनी. एका दिवसाने काय होतंय!" दोघा-चौघांनी माना डोलावल्या. खरं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण जोगळेकरकाकांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी सरळपणे, मदत करायच्या भावनेनेच म्हणाले, "चालेल की. आधी सांगितलंत ते उत्तम केलंत. नाहीतर गेल्या वर्षी त्या दिवशी आम्हाला जेवणच मिळालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत उपाशी होतो सगळे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले. आणि बाबा, हॉटेलात गरम पाणी आलं नाही की ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात, हातातल्या कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "हो. त्याबद्दल मी दिलगीर आहे."

आईने ताट खाली ठेवलं. पेले एकमेकांवर आपटले, पन्हं सांडलं. "अहो, कुणाची माफी मागताय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच ऐकू आला. "वर्ष होत आलं. माझी नाही मागितलीत अजून."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. लोक जमिनीकडे बघत होते. त्यांनी माफी मागायला हवी होती. दोन शब्द. तेवढ्यासाठी आई थांबली होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळत होतं. बाबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, घसा साफ केला आणि मंडळींना म्हणाले, "गरम जेवण मिळेल. माधवी येणार नाही. गाडीत मी बसेन. बसमध्ये तुमची काळजी जोगळेकर घेतील." आणि मग, सवयीने, "आणखी काही शंका?"

शंका कुणाला नव्हती. जोगळेकरकाका नुसते मान हलवत राहिले. आई सांडलेलं पुसायला फडकं घेऊन बसली आणि खूप वेळ एकच जागा पुसत राहिली.

बाबा गेले, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले, आणि परत आले. पुढच्या वर्षीही गेले. त्यानंतर गुडघे धरेपर्यंत दर उन्हाळ्यात त्या घाटाच्या दिवशी पहाटे ते ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि मंडळींना बर्फात पिठलं-भात मिळायचा. ते वर नीट पोचल्याचा फोन घरी मी घ्यायचे. आईला सांगितलं की ती "बरं" म्हणायची. भाजणी, चटण्या, मेतकूट, यातलं तिने काही चुकवलं नाही. बाबांना वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात रात्रंदिवस केलं, शेवटी त्यांच्या तोंडात पाणी तिनेच घातलं. ते दोन शब्द बाबा बोलले नाहीत ते नाहीतच. मी कितीदा ठरवलं की आपणच त्यांना सांगावं. पण वडिलांना असं काही सांगायची रीत आमच्या घरात नव्हती.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे वारज्याला आली. एका दुपारी मी शेंगा सोलत होते, ती समोर खुर्चीत होती, तोवर तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. मला कुठून धीर आला कोण जाणे, मी जरा मोठ्यानेच विचारलं, "आई, त्या बैठकीत बाबा म्हणाले मी बसेन म्हणून, तेव्हा तू त्यांना अडवलं का नाहीस?"

मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "कशाला अडवू? तू जाणार नव्हतीस, तेवढं मला पुरलं."

"पण भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पहिल्या वर्षी वाटली." तिने माझ्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलल्या आणि हातात तशाच धरून ठेवल्या. "मग नाही वाटली. तुला खरं सांगू का? सहल परत यायच्या दिवशी जिन्यात पावलं वाजायची ना, तेव्हा दर वर्षी मला क्षणभर वाटायचं, सुहास आला. वेडेपणा नुसता. मी दार उघडायचे तर हेच उभे असायचे. दर वर्षी हेच."